गावाचा इतिहास गावकऱ्यांनाच सांगताना

वाचकाचे पत्र (संक्षेपाने) : मी वाईच्या एका माध्यमिक शाळेत इतिहास आणि मराठी शिकवून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर वाई परिसराच्या इतिहासाची बरीच टिपणे काढली. ती पाहून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने माझे व्याख्यान ठेवले. लोहाऱ्याच्या लेण्यांपासून विश्वकोशाच्या कार्यालयापर्यंत सगळे मी सव्वा तासात सांगितले; पण अर्ध्या तासानंतर काही मंडळी पेंगू लागली आणि काही उठून गेली. वाईजवळच्या मेणवलीतल्या नाना फडणविसांच्या वाड्याबद्दल बोलत असताना एका गृहस्थांनी ‘आमच्या घरच्या कागदांत वेगळे आहे’ असे उभे राहून ठणकावले. वाई म्हणजे विराटनगरी ही दंतकथा आहे असे म्हटल्यामुळे एक बाई दुखावल्या. आता नवरात्रात महिला मंडळाने बोलावले आहे आणि पुढे पुण्याच्या एका सोसायटीची सहल कृष्णेवरचे घाट पाहायला येणार आहे, त्यांनाही तासभर माहिती हवी आहे. मानधनाचे विचारतात तेव्हा काय सांगावे तेही सुचत नाही. उभा जन्म वर्गात बोलण्यात गेला, मग इथे माझे काय चुकले?

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपले बोलणे नीटच झाले असणार. अडचण झाली ती निवडीची. सव्वा तासात दोन हजार वर्षे बसवायची म्हटली की प्रत्येक शतकाच्या वाट्याला तीन-चार मिनिटे येतात आणि तेवढ्या वेळात नावे व सनावळीच सांगून होते. वर्गात हे चालून जाते, कारण मुलांना पुढे परीक्षा असते आणि शिक्षकाला अभ्यासक्रम पुरा करायचा असतो. संघाच्या सभेत समोर बसलेली माणसे मात्र साठ-सत्तर वर्षे त्याच घाटावर वावरलेली असतात. गणपतीच्या देवळात पुराचे पाणी कुठवर चढले होते, कोणत्या आळीत कोणाचा वाडा होता आणि तो कधी पडला, हे त्यांनी पाहिलेले असते. त्यांच्यापाशी नसते ते कागदांतले साल, शिलालेखाचा अर्थ आणि दोन घटनांमधला धागा. तेवढेच त्यांना द्यावे आणि बाकीचे त्यांच्याकडून घ्यावे, हे माझ्या सल्ल्याचे सार आहे. पुढे जे लिहितो आहे तो त्याचाच तपशील.

आपल्याकडे व्याख्यान म्हटले की डोळ्यांसमोर वसंत व्याख्यानमाला येते. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात ती परंपरा सुरू केली आणि पुढे गावोगावी तिची रूपे उभी राहिली. वाईकरांनाही ती परकी नाही. तिथे श्रोता वक्त्यासाठी मुद्दाम येतो आणि दीड तास ऐकण्याच्या तयारीने बसतो. ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेचा प्रकार अगदी निराळा असतो. आधी प्रार्थना, मग त्या महिन्यातील वाढदिवस, दिवंगत सभासदांना श्रद्धांजली, सहलीची सूचना, प्रास्ताविक, वक्त्याचा परिचय आणि शाल-श्रीफळ एवढे होईपर्यंत निम्मा तास सरलेला असतो, शेवटी चहा असतो आणि अंधार पडण्याच्या आत घरी पोचण्याची अनेकांना घाई असते. त्यामुळे ‘तासभर बोला’ असे निमंत्रणात लिहिलेले असले तरी पस्तीस मिनिटांचीच तयारी करावी आणि उरलेला वेळ सभेसाठी मोकळा ठेवावा. बसून ऐकणाऱ्यांचे गुडघे आणि कान या दोन्हींचा विचार वक्त्याने केला नाही, तर कितीही चांगला विषय असला तरी लोक उठून जातात, आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही.

आता निवडीबद्दल. वाईला जन्मलेल्या माणसाने मेणवलीची घंटा पाहिलेली नाही असे सहसा होत नाही. पाहुणे आले की त्यांना तिकडे नेणे हा ठरलेला कार्यक्रम असतो आणि ‘ही वसईची घंटा’ एवढे एक वाक्य प्रत्येकाला पाठ असते. आपण पस्तीस मिनिटे या एका घंटेवर बोलून पाहावे. घंटेवर बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती आहे आणि १७०७ हे साल आहे. चिमाजी आप्पांनी वसई घेतली ती १७३९ मध्ये. त्या मोहिमेनंतर पोर्तुगिजांच्या चर्चमधील अनेक घंटा महाराष्ट्रातील देवळांत गेल्या. भीमाशंकरची घंटा आणि नाशिकला गोदेच्या काठी नारोशंकराच्या देवळावरची घंटा ही त्यांतली प्रसिद्ध उदाहरणे होत. इथपर्यंत सगळे सरळ आहे. आता श्रोत्यांपुढे दोन साले आणखी ठेवावीत. मेणवली गाव नाना फडणविसांना इनाम मिळाले ते १७६८ मध्ये, आणि स्वतः नानांचा जन्म १७४२ चा, म्हणजे वसई जिंकली गेली त्याच्यानंतर तीन वर्षांनी. तेव्हा ‘नानांनी वसईहून घंटा आणली’ असे जे सर्रास सांगितले जाते, ते जसेच्या तसे धरता येत नाही. वसई पडल्यापासून मेणवलीचे इनाम मिळेपर्यंतची एकोणतीस वर्षे घंटा कोठे होती, हा प्रश्न सभेत विचारून आपण क्षणभर थांबावे. एवढ्या वर्षांत हा प्रश्न कोणाच्या मनात आलेला नसतो आणि तो मनात येताच पेंगणारा माणूस सावरून बसतो. उत्तर आपल्यापाशी नसले तरी काही बिघडत नाही. प्रश्न नेमका आहे आणि तो प्रत्येकाने रोज पाहिलेल्या वस्तूवरूनच निघालेला आहे, एवढे पुरेसे असते.

या उदाहरणातली युक्ती साधी आहे. दोन परिचित साले एकमेकांशेजारी ठेवली की त्यांतून काही तरी उलगडते, आणि त्यासाठी जास्तीची माहिती लागत नाही. ढोल्या गणपतीचेच घ्या. देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, कारण कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा तिच्यावर दुभागतो आणि गाभाऱ्यावरचा भार हलका होतो, हे वाईच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी हे देऊळ बांधले ते १७६२ मध्ये, हेही फलकावर वाचलेले असते. मात्र १७६२ म्हणजे पानिपतानंतरचे पुढचेच वर्ष, ही गोष्ट सहसा कोणाच्या लक्षात आलेली नसते. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर मराठी फौजेचा संहार झाला, त्याच वर्षी जून महिन्यात नानासाहेब पेशवे वारले, आणि त्यानंतर वर्ष-दीड वर्षाच्या आत कृष्णेच्या काठी एवढे दगडी बांधकाम उभे राहते. पाथरवट, गवंडी, मजूर, बैल यांची जुळवाजुळव तेव्हाही होऊ शकत होती, पैसा उभा राहत होता. त्याचा अर्थ काय लावायचा हे आपण सांगू नये. साले शेजारी ठेवावीत आणि चर्चा सभेवर सोडावी.

महिला मंडळासाठी आपण कोणता विषय निवडला आहे हे पत्रात नाही. माझ्या मते गोपिकाबाईंसारखा विषय शोधून सापडणार नाही. नवरात्रात बोलायचे म्हणून ‘थोर स्त्रिया’ अशी माळ ओवण्याचा मोह होतो आणि जिजाबाईंपासून सुरुवात करून अहिल्याबाई, लक्ष्मीबाई असे करत तास सरतो. ते सगळे त्यांनी शाळेतच वाचलेले आहे. गोपिकाबाई तर वाईच्याच, रास्त्यांच्या घरातली लेक. नानासाहेब पेशव्यांशी लग्न होऊन ती पुण्याच्या शनिवारवाड्यात गेली. थोरला मुलगा विश्वासराव पानिपतावर पडला. पाच महिन्यांनी पती गेले. १८ नोव्हेंबर १७७२ ला मुलगा माधवराव थेऊरला वारले. आणि ३० ऑगस्ट १७७३ ला धाकट्या मुलाचा, नारायणरावाचा, शनिवारवाड्यात खून झाला. पुढे नाशिकजवळ गंगापूरला तिने आयुष्य काढले आणि १७८८ मध्ये तिथेच तिचा अंत झाला. कथा-कादंबऱ्यांतून आणि नाटकांतून गोपिकाबाई बहुधा कजाग, सत्तालोलुप सासू म्हणून भेटतात. आपण तारखा एकापाठोपाठ एक नुसत्या वाचून दाखवाव्यात, मध्ये कसलाही शेरा मारू नये, आणि मग विचारावे की तेरा वर्षांच्या आत हे सगळे ज्या बाईने सोसले तिच्याबद्दल आपण आजवर काय काय ऐकत आलो. मंडळातल्या बायका या प्रश्नावर बोलतील, आणि कदाचित आपल्याला त्यांना आवरावे लागेल. वेळ उरलाच तर नाना फडणविसांच्या पश्चात त्यांच्या पत्नी जिऊबाई मेणवलीत राहिल्या, तो धागा घेता येईल. पण तो उरल्या वेळाचा विषय, त्यासाठी गोपिकाबाईंना घाईत उरकू नये.

विराटनगरीचा प्रश्न जरा नाजूक आहे आणि त्यात आपली बाजू चुकीची नसूनही सभा दुखावली, हे मी समजू शकतो. पांडव अज्ञातवासात वाईला राहिले, वैराटगड हे त्याच विराटाचे नाव, पांडवगड हा पांडवांचा, हे आजीच्या तोंडून ऐकलेले असते आणि त्यात गावाचा अभिमान गुंतलेला असतो. दोन्ही गडांचा संबंध शिलाहार राजा दुसरा भोज याच्याशी लावला जातो आणि लोहाऱ्याची लेणी बौद्ध आहेत, हे आपण सांगायलाच हवे. मात्र ते ‘तुमचे खोटे, माझे खरे’ अशा रीतीने सांगण्याची गरज नसते. परंपरा काय म्हणते ते आधी पूर्ण आणि आदराने सांगावे, त्यातली गोडी राखून सांगावे. नंतर दगड काय सांगतो ते सांगावे. आणि मग विचारावे की बाराव्या शतकातल्या किल्ल्याला पांडवांचे नाव द्यावे असे लोकांना का वाटले असेल. महाराष्ट्रात जिथे जुने, कोणी बांधले ते विस्मरणात गेलेले बांधकाम आहे, तिथे ‘पांडवांनी एका रात्रीत बांधले’ ही कथा उगवतेच. ती कथा हाही इतिहासाचाच एक पुरावा असतो; पांडवांचा नसला तरी विस्मरणाचा असतो. ‘दंतकथा’ हा शब्द सभेत टाळावा, असे माझे मत आहे. तो पुस्तकात निरुपद्रवी असतो, पण माणसाच्या तोंडावर म्हटला की त्याच्या आजीला खोटे पाडल्यासारखा लागतो. ‘परंपरेने असे सांगतात’ एवढे म्हटले तरी आपली बौद्धिक सचोटी कुठे कमी होत नाही.

कृष्णाबाईच्या उत्सवाची हकिगत सांगताना हीच काळजी घ्यावी. अफझलखानाचे संकट टळावे म्हणून कृष्णेला नवस बोलला गेला आणि त्यातून उत्सव सुरू झाला, ही परंपरा गावात ठाम आहे. अफझलखान वाईचा सुभेदार होता आणि १६५९ मध्ये त्याचा तळ वाईला पडला होता, हे कागदोपत्री आहे. नवसाची गोष्ट परंपरेने आलेली आहे. दोन्ही गोष्टी एकाच दमात आणि एकाच सुरात सांगितल्या तर श्रोत्याला त्यांच्यातला फरक कळत नाही, आणि पुढच्या वर्षी तोच श्रोता नवसाची तारीख आणि वारसुद्धा सांगू लागतो. यासाठी बोलताना आपल्या आवाजातच तीन पायऱ्या ठेवाव्यात : हे मी स्वतः दगडावर किंवा कागदावर पाहिले आहे, हे अमुक ठिकाणी वाचले आहे, आणि हे ऐकलेले आहे. प्रत्येक वाक्याला तसे शेपूट लावले तर सभा कंटाळेल. पण मुख्य विधानांपाशी ते आलेच पाहिजे. साताऱ्याचे १८८५ चे गॅझेटियर आपण वाचले असेलच. ते फार उपयोगाचे आहे, तरी इंग्रज अधिकाऱ्यांनी त्यात पुष्कळ मजकूर स्थानिक लोकांना विचारूनच घातला आहे. गावातल्या कोणी तरी तेव्हा सांगितलेली गोष्ट तिथून छापून परत गावात आली आणि छापलेली म्हणून पुरावा ठरली, असा वळसा अनेकदा झालेला असतो. ‘गॅझेटियरमध्ये आहे’ म्हणजे १८८५ च्या आसपास असे मानत होते, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

अफझलखानाचे नाव निघाले आहे म्हणून एक गोष्ट स्पष्ट लिहितो. प्रतापगडाचा विषय सभेत आला की कोणी तरी आजचे राजकारण त्यात आणणार, हे गृहीत धरून चालावे. १० नोव्हेंबर १६५९ ला काय घडले ते सांगण्यात कमीपणा नाही, लपवण्यासारखे काही नाही. पण वाईच्या इतिहासावर बोलायला बोलावले असेल तर त्या दिवसाआधी वाईत काय चालले होते, फौजेला दाणा-वैरण कोठून येत होती, कसब्यातल्या लोकांचे काय झाले असेल, अशा प्रश्नांकडे सभेला वळवावे. त्यात विषयांतर होत नाही, उलट गाव पुन्हा मध्यभागी येतो. तसेच घाटांचे. कोणत्या घाटावर पूर्वी कोणाला उतरता येत होते आणि कोणाला नव्हते, हे सांगितल्याशिवाय घाटांचे सौंदर्य सांगणे मला अपुरे वाटते. ते आरोपाच्या सुरात सांगू नये आणि गाळूही नये. सभेत मागे बसलेल्या कोणाच्या तरी आजोबांचा तो अनुभव असतो. धोम धरणाखाली ज्यांची गावे गेली त्यांचे नातलगही समोर असू शकतात, तेव्हा धरणाचे वर्णन ‘विकासाचा टप्पा’ अशा एका वाक्यात संपवू नये.

रास्ते आणि फडणवीस यांच्यापलीकडेही वाई आहे, हे आपल्या टिपणांत असेलच. नारायणशास्त्री मराठे यांची प्राज्ञपाठशाळा, १९१७ मध्ये गांधीजींच्या आश्रमातून काही काळाची रजा घेऊन तिथे शिकायला आलेले विनोबा, त्याच पाठशाळेत घडलेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आणि त्यांच्यामुळे वाईत आलेले विश्वकोशाचे काम, ही एक सलग कथा आहे आणि ती स्वतंत्र व्याख्यानाची आहे. कवठ्याचे किसन वीर आणि साताऱ्यातली बेचाळीसची चळवळ हीही तशीच. वाईची हळद, तिचा बाजार, ती शिजवणारे हात यांवर तर मी अजून कोणाचे व्याख्यान ऐकलेले नाही आणि ऐकायला मला फार आवडेल. सांगायचे एवढेच की संघ आपल्याला पुन्हा बोलावील. पहिल्याच दिवशी पोतडी रिकामी करण्याचे कारण नाही.

साधनांविषयी थोडक्यात लिहितो. संध्याकाळी पाच वाजता खिडक्या उघड्या असलेल्या सभागृहात प्रोजेक्टरचा पडदा पांढरा फटक दिसतो आणि मागच्या दोन रांगांना काहीच दिसत नाही. त्यापेक्षा तीन-चार छायाचित्रे मोठी छापून घ्यावीत आणि हातोहात फिरवावीत. मोडी कागदाची एक मोठी प्रत जरूर न्यावी. ती हातात आली की कोणी तरी म्हणतेच की ‘आमच्या माळ्यावर असे कागद आहेत.’ माईक चालतो की नाही ते आधी पाहावे आणि चालत असला तरी तो तोंडाशी धरून बोलावे, कारण ‘माझा आवाज मोठा आहे’ असे म्हणणाऱ्या शिक्षकांचे शेवटचे शब्द मागे पोचत नाहीत. टिपणे वहीतून वाचू नयेत. साले आणि नावे एका कार्डावर लिहून तेवढे कार्ड हातात ठेवावे.

पुण्याच्या सोसायटीची सहल हा निराळाच प्रकार आहे. ही मंडळी गावची नाहीत, त्यांच्यापाशी आठवणी नाहीत, आणि बसमधून उतरल्यावर त्यांना आधी चहा व स्वच्छतागृह लागते. ते कोठे आहे हे आपण आधीच सांगून ठेवले तर पुढचा तास सुखाचा जातो. चार ठिकाणांपेक्षा जास्त दाखवू नयेत. उन्हात उभे करून बोलू नये, सावली शोधून तिथे थांबावे आणि चालताना बोलू नये, कारण मागे राहिलेल्यांना ऐकू येत नाही व मग सगळे पुन्हा सांगावे लागते. ढोल्या गणपतीच्या मागे नेऊन ती माशासारखी भिंत नदीच्या बाजूने दाखवावी. पुढून दर्शन घेऊन परतणाऱ्या बहुतेकांनी ती पाहिलेली नसते. देऊळ हे चालते देवस्थान आहे, तेव्हा आरतीची वेळ टाळावी आणि गाभाऱ्यासमोर घोळका करून व्याख्यान देऊ नये. या मंडळींपैकी निम्मी माणसे अमुक सिनेमाचे चित्रीकरण कोणत्या पायरीवर झाले तेच विचारणार. त्यावर नाक मुरडू नये. माहीत असेल ती पायरी दाखवावी आणि तिथेच उभे राहून सांगावे की जो घाट पडद्यावर दिसला तो कोणी, केव्हा आणि कशासाठी बांधला. पाहुण्यांना मेणवलीला न्यायचे असेल तर वाड्याची वेळ आणि परवानगी आधी विचारून घ्यावी.

श्रोत्यांच्या आठवणींसाठी वेळ मोकळा ठेवा असे वर म्हटले, त्याची रीतही सांगतो. ‘कोणाला काही विचारायचे आहे का’ असे म्हटले की सभा गप्प बसते किंवा एकच गृहस्थ पंधरा मिनिटे बोलतो. त्याऐवजी नेमके विचारावे : ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा आपण कोणत्या आळीत होता, घरातून बाहेर कसे पडलात, घराचे काय झाले? अशा प्रश्नाला प्रत्येकापाशी दोन वाक्यांचे उत्तर असते आणि कधी न बोलणारी माणसेही बोलतात. जे सांगतील ते वहीत उतरवून घ्यावे, सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने लिहावे, आणि पुढच्या व्याख्यानात त्याचा उपयोग केला तर ‘हे मला आपल्यापैकीच एकांनी सांगितले’ असे म्हणावे. मात्र आठवण ही आठवण म्हणूनच नोंदवावी. भूकंपाच्या पहाटेची आठवण आणि नंतर वर्तमानपत्रात वाचलेले यांची सरमिसळ साठ वर्षांनी कोणाच्याही मनात झालेली असते.

मानधनाविषयी संकोच करू नये. ज्येष्ठ नागरिक संघ किंवा गल्लीतले महिला मंडळ यांच्याकडून मी तरी काही घेऊ नये असे म्हणेन. रिक्षाचे किंवा छायाचित्रांच्या छपाईचे पैसे त्यांनी दिले तर घ्यावेत. बाहेरगावची सहल मात्र पैसे गोळा करून, बस ठरवून आणि जेवणाची सोय लावून येते, मग वाटाड्याच्या श्रमांचे पैसे देण्यात त्यांना काही वाटत नाही. रक्कम आधीच फोनवर स्पष्ट सांगावी. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ असे म्हटले की शाल आणि पेढे मिळतात, आणि शालींनी आपले कपाट आधीच भरलेले असणार.

राहता राहिले ते ठणकावणारे गृहस्थ. पुढचे व्याख्यान होण्यापूर्वी त्यांच्या घरी जावे. सभेत त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता आणि आपण तो घातला नाही हे उत्तम झाले. बहुतेक वेळा अशा माणसाला विरोध करायचा नसतो. आपल्या घराचे नाव त्या हकिगतीत यावे एवढेच त्याला हवे असते, आणि कधी कधी त्याच्या माळ्यावर खरोखरच काही तरी असते. आपण विषय मेणवलीचा काढला होता, आणि ‘मेणवली दप्तर’ म्हणून अभ्यासकांना ठाऊक असलेले कागद त्याच वाड्यातले, तेव्हा आसपासच्या घरांत त्या काळचे चार रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, निघाले तर नवल नाही. गेल्यावर आधी चहा घ्यावा, त्यांचे सगळे ऐकावे आणि मग कागद दाखवाल का असे विचारावे. ते मोडीत असतील आणि आपल्याला मोडी वाचता येत नसेल तर तसे सांगावे. मूळ कागद घरी न्यायला मागू नयेत, ते दिले तरी घेऊ नयेत. तिथेच खिडकीपाशी उजेडात फ्लॅशशिवाय छायाचित्रे काढावीत, प्रत्येक पानाची पाठची बाजूही काढावी, आणि एक प्रत त्यांना द्यावी. वाचन पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात किंवा साताऱ्याकडच्या एखाद्या मोडी जाणकाराकडून करून घेता येईल. त्यांचे म्हणणे कागदांतून खरे निघाले तर पुढच्या सभेत ते त्यांनाच सांगू द्यावे. निघाले नाही, तर ते त्यांना घरी जाऊनच सांगावे.